एका फेरीला चार भक्

माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकावर, रिमच्या कडेला, लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. गेल्या आठवड्यात गाडी धुताना तो आमच्या हिच्या नजरेस पडला. आमच्या घरात नेलपॉलिश कुणी लावत नाही.

"हे कुणाचं?" हिने विचारलं.

"बागूलबाईंचं."

"असं होय," असं म्हणून ती बादली भरायला निघून गेली. बागूलबाईंच्या बाबतीत कुणाच्याही बायकोने कधी संशय घेतला नाही. अहो, घेणार तरी कसा? माणसांकडे बघायला त्या बाईला सवडच नव्हती. त्यांचं सगळं लक्ष फिरणाऱ्या वस्तूंवर. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, उसाच्या रसाचा चरक, जे जे म्हणून फिरतं त्याच्यापाशी बाई थबकायच्या. आणि मालकाचा डोळा चुकवून, कधीकधी त्याच्या डोळ्यांदेखत, पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढून त्यावर एक लाल ठिपका देऊन मोकळ्या व्हायच्या. उभ्या आयुष्यात स्वतःच्या नखाला त्यांनी ते लावलं नसेल.

"जाधवभाऊ, फिरणाऱ्या गोष्टीला एक तरी खूण पाहिजे," त्या मला म्हणाल्या होत्या. "नाहीतर एक फेरी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, कळणार कसं?"

मला कळून काय करायचं होतं, देव जाणे. पण ठिपका बसला तो बसलाच.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाच्या मोटारी करणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी अर्धी हयात काढली. मी स्टोअरमध्ये, बाई टेस्टिंगला. स्टोअरकीपर म्हणजे कारखान्यातला सगळ्यात नावडता माणूस, कारण चिठ्ठीशिवाय तो नट देत नाही. मी तर वॉशरसुद्धा दिला नाही. आणि टेस्टिंगवाली म्हणजे दुसरी नावडती, कारण सगळ्यांनी घाम गाळून केलेली मोटार ती एका शब्दात परत पाठवते. दोघं नावडते म्हणून आमचं जमलं असावं.

बाई बुटक्या, साडीवर निळा एप्रन, चष्मा काळ्या दोऱ्याने गळ्यात. एप्रनच्या खिशात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. मोटार चालू झाली की त्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. शेजारी चांगला परदेशी मीटर होता. बाई त्याच्याकडे वळून बघायच्या नाहीत.

एकदा चाळीस मोटारी त्यांनी अडवून ठेवल्या. मीटर म्हणतोय ठीक, मॅनेजर म्हणतोय ट्रक दारात उभा आहे, सही करा. बाई म्हणतात, करणार नाही.

"अहो, पण झालंय काय त्यांना?" साहेब भडकले.

"आत कुणीतरी दात खातंय."

साहेबांनी डोक्याला हात लावला. शेवटी एक मोटार खोलली तर ग्रीसमध्ये बारीक कचकच निघाली. लोखंडाचा कीस. ग्रीसचा डबा माझ्या स्टोअरमधला, आणि ग्राइंडरच्या शेजारी झाकण उघडं टाकून चहाला गेलो होतो तो मीच. बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी बसची वाट बघताना एवढंच म्हणाल्या, "झाकण लावत जा, भाऊ. मी जे ऐकलं नाही त्यावर सही करत नाही, आणि जे ऐकलं ते पुसून टाकता येत नाही." त्या दिवसापासून मी या बाईला वचकून राहिलो आणि तिच्या डब्यातली भाजीही खायला लागलो.

त्यांचे वडील, आबा, मनमाडला छोट्या लाईनीवर इंजिन ड्रायव्हर होते. वाफेचं इंजिन. बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढले. आई नामपूरकडची, तिची बोली अहिराणी. बाई आमच्याशी बोलताना अगदी शहरी मराठी बोलायच्या, पण घरून फोन आला की एकदम "काय शे माय?" सुरू व्हायचं, आणि आम्हाला वाटायचं, फोनवर दुसरीच कुणी बाई आहे.

निवृत्त व्हायला दोन वर्षं असताना त्यांच्या डोक्यात इंजिनाने घर केलं. आबांचं इंजिन करायचं, हातभर लांबीचं, रुळांवर चालणारं. पितळेची चाकं त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः लेथवर कातली. ते झालं. विजेची छोटी मोटार बसवली, इंजिन फळीवरच्या गोल रुळांवर फिरायला लागलं. तेही झालं. खरं तर कौतुक करून थांबायची जागा ही. पण बाई थांबतात होय!

"भाऊ, हे चालत नाहीये. नुसतं सरकतंय."

म्हणजे काय, तर आवाज नाही. कुणीतरी बाजारातून त्यांना आवाज काढणारी एक इलेक्ट्रॉनिक चकती आणून दिली. ती लावली की इंजिनाच्या मागच्या कोळशाच्या डब्यातून भक्‌भक् सुरू व्हायची. मला भलतंच आवडलं. बाईंचा चेहरा मात्र आंबलेलं ताक प्यायल्यासारखा झाला.

"चाक बघा, चाक! चाक एक सांगतंय आणि आवाज दुसरंच काही बोलतोय."

मग कँटीनमध्ये त्यांनी मला चहाचे दोन चमचे घेऊन शिकवलं. इंजिनाच्या डाव्या अंगाला एक दट्ट्या, उजव्या अंगाला एक. प्रत्येक दट्ट्या पुढे जातानाही वाफ फेकतो आणि मागे येतानाही. दोन्ही बाजू एकदम चालत नाहीत, एक दुसरीपेक्षा पाव फेरी मागे असते. म्हणून चाकाची एक फेरी पुरी होईपर्यंत चार वेळा भक् झालं पाहिजे. तीन नाही, पाच नाही. चाक हळू फिरलं तर चार सावकाश, जोरात फिरलं तर चार भरभर. पण चार म्हणजे चार.

"कोण मोजणार आहे, बाई?" मी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

पुढचं वर्षभर त्या मोजतच होत्या. आधी आसावर तांब्याची चार दातांची चकती बसवली, तिला एक पातळ पट्टी घासायची आणि प्रत्येक दाताला एक भक्. पण तेलाने पट्टी बरबटायची, कधी एका दाताला दोन आवाज निघायचे, कधी एकही नाही. "उचकी लागल्यागत करतंय," म्हणून बाईंनी ते उपटून टाकलं. मग चार इवलेसे लोहचुंबक आसावर चिकटवले आणि शेजारी काचेच्या नळीतला स्विच ठेवला. लोहचुंबक समोरून गेला की स्विच आपोआप लागतो, स्पर्शच नाही, त्यामुळे तेलाची भानगड नाही. चाकावर लाल ठिपका होताच. ठिपका वर, भक्. ठिपका पुढे, भक्. खाली, भक्. मागे, भक्. मी, ज्याला घरचा पंखा डावीकडे फिरतो की उजवीकडे हे सांगता येत नाही, तो मीसुद्धा फळीपाशी वाकून मोजायला लागलो. एकदा मोजायला लागलं की सुटत नाही हो ते.

राहिला खुद्द आवाज. विकतचा त्यांना पटेना. "ही थंड देशातली वाफ आहे," असं काहीतरी अजब म्हणायच्या. शेवटी एका रविवारी, देखभालीसाठी कारखाना उघडा असताना, त्यांनी मला कॉम्प्रेसरपाशी उभं केलं. मी एअर होजची कळ दाबायची, हवा रिकाम्या रंगाच्या पिंपात सोडायची, आणि बाई पिंपात डोकं घालून मोबाईलवर ते टिपणार.

"दाबा."

भुस्स.

"असं नाही. चढावर आहे ती, मागे चौदा डबे आहेत. दमानं. पोटातून."

"कॉम्प्रेसरला पोट कुठलं, बाई?"

"तुम्हाला आहे ना? दाबा."

साठेक वेळा दाबलं. मधे वॉचमन डोकावला. पिंपातून बाहेर आलेले बाईंचे पाय आणि हातात होज धरलेला मी, हे बघून तो काही न विचारता निघून गेला. आजही तो मला रस्त्यात भेटला की आधी हसून घेतो.

इथवर हा सगळा छंदच होता. त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ मीही झालो, आणि त्याच सुमारास त्यांच्या आईचं विसरणं वाढलं.

माय नव्वदीच्या घरात. आबांना जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. पण म्हातारीच्या हिशेबी ती अजून मनमाडच्या क्वार्टर्समध्ये होती आणि आबा ड्युटीवर होते. बाईंना ती कधी मुलगी समजायची, कधी शेजारीण. त्याचंही बाईंना फारसं वाटलं नाही. वाईट वेगळंच झालं. म्हातारी जेवेना. ताट पुढे ठेवलं की बाजूला सारायची आणि म्हणायची, "गाडी येऊ दे." नवऱ्याच्या आधी जेवायचं नाही हा तिचा नेम, आणि नवरा काही येत नव्हता. दुधावर आणि औषधावर किती दिवस काढणार? बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

तेव्हा बाईंनी मला क्वार्टर्समधली ती गोष्ट सांगितली. घर रुळांना लागूनच. आबांची गाडी आली हे माय आवाजावरून ओळखायची. तवा चुलीवर ठेवायची तो तेव्हाच, आधी नाही. आबा घरात शिरले की पहिल्यांदा मोरीत जाऊन पाय धुवायचे. मायच्या पोटात सकाळपासून अन्न नाही. आबा मोरीत गेले की ती गरम भाकरीचा एक तुकडा मोडून गुपचूप तोंडात टाकायची. पोरांना हे ठाऊक होतं.

"आबांनाही ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर ते पाय धुवायला इतका वेळ लावायचे. अख्ख्या कॉलनीत आमच्या आबांइतके स्वच्छ पाय कुणाचे नव्हते, भाऊ."

हे सांगताना त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मग म्हणाल्या, "मायला गाडी यायला पाहिजे ना? मग आणते मी गाडी."

आणि त्यांनी आणली. बाहेरच्या खोलीतून मायच्या खोलीपर्यंत सरळ रूळ टाकले. पलंगापाशी लाकडी फलाट. माझ्या देखत पहिल्यांदा गाडी सोडली. काय चालली म्हणून सांगू! चाकाच्या एकेका फेरीला चार, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मी तर टाळ्याच वाजवणार होतो. म्हातारी पलंगावर ताठ बसली. तिने मान वळवली, ऐकलं. तिचा चेहरा उजळला, मग हळूहळू विझला. ताट तिने दूर लोटलं.

"गया तो," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या दिवशी तिने दूधही घेतलं नाही.

बाईंना वाटलं, आवाजात खोट आहे. स्वाभाविक आहे, जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी लोहचुंबक काढून पुन्हा बसवले. आवाज जड केला, मग हलका केला. रुळांखाली फळी बदलली. रोज दुपारी गाडी सोडायच्या, आणि रोज म्हातारी ऐकून म्हणायची, "गया." एकदा तर रडली. मी चिडलो. म्हटलं, "बंद करा हे खेळणं, बाई. तुमच्या हौसेपायी म्हातारीला उपाशी मारताय." बोलून गेलो आणि जीभ चावली. बाई स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिनाच्या चाकापाशी बसून राहिल्या. मी चप्पल घालून निघून आलो.

पाचव्या दिवशी माफी मागायला गेलो. आता माझी एक खोड आहे. बाईंच्या सोसायटीचं गेट वर रस्त्याला आणि पार्किंग खाली, मधे चांगला उतार. मी गेटपाशीच स्कूटर बंद करतो आणि उतारावरून नुसता घरंगळत खाली येतो. आमची ही मला चिक्कू म्हणते, म्हणू दे. तर असा मी घरंगळत येत होतो आणि बाई पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. एकाएकी त्या ओरडल्या, "भाऊ! थांबा! नाही, थांबू नका! परत या!"

"काय झालं?"

"परत वर जा आणि तसेच या!"

माफी मागायला आलेला माणूस, नाही कसं म्हणणार? ढकलत वर नेली स्कूटर, पुन्हा घरंगळत आलो. बाई ओला टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या पुढच्या चाकाकडे बघत होत्या.

"चाक फिरतंय," त्या म्हणाल्या. "ठिपका दिसतोय मला, चाक फिरतंय. आणि आवाज नाही!"

मी वर गेलो तर त्या खुर्चीत बसून कपाळावर हात मारून घेत होत्या. "मी ड्रायव्हरची मुलगी! मला हे कळू नये? सिग्नल पडला की आबा वाफ बंद करायचे. मग गाडी आपल्या वजनावर यायची. भक्‌भक् करते ती सुटताना, चढावर, निघून जाताना. घरी येणारी गाडी गप्प असते हो! नुसते चाकांना जोडणारे दांडे वाजतात, खण् खण्. माय बरोबर सांगत होती. रोज तिच्या कानाशी मी तिच्या नवऱ्याला गावाला पाठवत होते."

एका फेरीला चार, सूट नाही, हा हट्ट बाईंचा. पण त्या हट्टाला हवा मीही दिली होती की, पिंपात.

पुढचे दहा दिवस त्यांनी जे केलं ते कारखान्यात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. इंजिनात एक जड चाक बसवलं, म्हणजे वीज बंद केल्यावरही ते वजनावर पुढे जाईल. वीज बंद झाली की आवाजही बंद. आणि दांड्यांची भोकं त्यांनी कानस घेऊन मोठी केली. ज्या बाईने केसभर सैल बेअरिंग कधी पास केलं नाही, तिने स्वतःच्या हाताने दांडे ढिले केले, ते वाजावेत म्हणून.

त्यानंतरचं मी पाहिलं ते एकदाच, आणि बाईंनाही मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. लवकरच त्या मायला घेऊन नामपूरला भावाकडे गेल्या. तिथे घरात माणसं आहेत, हाताखाली सुना आहेत, बरंच झालं. इंजिनही नेलं. फोनवर कधीतरी बोलतात, जास्त करून गिरणीच्या पट्ट्याबद्दल.

त्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ता खणून ठेवलेला होता, पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. बाईंनी दारातूनच मोरीकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गाडी निघाली होती. बाहेरच्या खोलीत भक्, भक्, भक्, भक्. गाडी मायच्या खोलीचं दार ओलांडताना बाईंनी कळ फिरवली. आवाज गेला. चाकावरचा लाल ठिपका मात्र वर-खाली होत राहिला, आणि खण् खण् करत ती गाडी सावकाश मायच्या पलंगापाशी येऊन उभी राहिली.

मी मोरीत नळाखाली एक पाय धरून तसाच थांबलो.

"गाडी वनी," ती म्हणाली. आली, गाडी आली. मग एकदम करड्या आवाजात, "बसी काय ऱ्हायनी? तवा ठेव!"

बाई धावल्याच. मोरीच्या दारातून मला स्वयंपाकघर दिसत होतं आणि पलीकडे मायचा पलंगही. पिठाने भरलेले हात, कपाळावर आलेली बट, तव्यावर टाकलेली भाकरी. भाकरी फुगली. बाईंनी ती ताटात घेऊन मायपुढे ठेवली. म्हातारीने हात लावला नाही. दाराकडे बघून तिने विचारलं, "वना का तो?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस मोटारी दारात अडवणारी ही बाई. न ऐकलेल्यावर सही न करणारी.

"वना, माय," बाई म्हणाल्या. "पाय धोई ऱ्हायना."

म्हातारीने कान दिला. मोरीत पाणी वाहत होतं. मग तिने इकडे तिकडे पाहिलं, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि गुपचूप तोंडात टाकला.

माझे पाय केव्हाच स्वच्छ झाले होते. मी नळ बंद केला नाही.